इस्कंदरियाच्या आधी चिंचणी

आमच्या समाजात सध्या ‘उमराह प्लस’ जोरात आहे. उमराह करायचा आणि परतताना तुर्कस्तान, जॉर्डन नाहीतर मिसर जोडून घ्यायचे. मिसर जोडले की काहिरा, पिरॅमिड आणि शेवटी एक-दोन दिवस इस्कंदरिया, म्हणजे नकाशावरचे अलेक्झांड्रिया. भूमध्य समुद्राच्या काठावरचे तेवीसशे वर्षांचे बंदर. डहाणूकडच्याही काही कुटुंबांनी असा बेत आखला आहे. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, म्हणजे मला अरबांचा सगळा इतिहास ठाऊक असणार असा लोकांचा समज. म्हणून निरोप आला : ‘सर, इस्कंदरियात दोन दिवसांत काय काय बघायचे, यादी काढून द्या.’

यादी दिली. खाली तुम्हालाही देतो. पण मला एक प्रश्न विचारायचा आहे, आणि तो फक्त त्या कुटुंबांना नाही, आपल्या सगळ्यांना आहे. आपल्या चिंचणीच्या जमिनीतून काय निघाले हे किती जणांना माहीत आहे? डहाणू रोडहून संजाण गाडीने अर्ध्या तासावर आहे. वापी-सुरतला जाताना ते स्टेशन शंभर वेळा मागे गेले असेल. इतिहास बघायला तिथे उतरलेला एक तरी माणूस मोहल्ल्यात दाखवा.

माझे म्हणणे सरळ आहे. ज्या डहाणूकराने चिंचणी-संजाण बघितलेले नाही, तो इस्कंदरियाला इतिहास बघायला जात नाही, फोटो काढायला जातो. आणि ही नुसती हौसेची गोष्ट नाही. आपला इतिहास फक्त परदेशात आहे असे आपणच वागून दाखवले, तर ‘तुम्ही इथले नाही’ म्हणणाऱ्याचे अर्धे काम आपण फुकटात करून देतो.

प्रवासाला माझा विरोध नाही. जमिनीवर फिरा आणि आधीच्या लोकांचे काय झाले ते बघा, असे कुरआनने एकदा नाही, अनेकदा सांगितले आहे. फक्त त्या जमिनीत पालघर जिल्हाही येतो, एवढेच मी जोडतो.

आता यादी. काहिराहून रेल्वेने अडीच-तीन तासांत इस्कंदरिया येते. पहिल्या दिवशी सकाळी कायतबेचा किल्ला. मामलूक सुलतान कायतबे याने १४७७ साली तो बांधायला घेतला, आणि जागा निवडली ती जुन्या दीपगृहाची. जगातल्या सात आश्चर्यांत मोजले जायचे ते हेच दीपगृह. इब्न बतूता १३२६ साली तिथे पोहोचला तेव्हा त्याची एक बाजू ढासळलेली होती. १३४९ मध्ये परत गेला तेव्हा आत शिरायचीही सोय उरली नव्हती. भूकंपांनी ते पाडले. किल्ल्यावरून निघून अबुल अब्बास मुर्सी यांच्या मशिदीत जोहर पढा. शेजारीच इमाम बूसिरी यांची मशीद आहे. ज्यांचा कसीदा बुर्दा आपल्याकडे मिलादच्या महफिलीत पढला जातो, ते हेच. दुपारनंतर नवे ग्रंथालय बघा. पुराणकाळच्या प्रसिद्ध ग्रंथालयाची आठवण म्हणून ते २००२ साली सुरू झाले.

दुसऱ्या दिवशी ग्रीक-रोमन संग्रहालय. बरीच वर्षे बंद होते, ऑक्टोबर २०२३ मध्ये पुन्हा उघडले. मग कोम अल-शुकाफाची जमिनीखालची दफनस्थाने. तिथे भिंतीवर मिसरचा कुत्र्याच्या तोंडाचा देव अनुबिस रोमन शिपायाच्या पोशाखात उभा आहे.

आता ही यादी नीट वाचा. शहर वसवणारा सिकंदर मॅसिडोनियाचा. किल्ला बांधणारा कायतबे काकेशसकडून विकत आणलेला गुलाम. मुर्सी अंदलूसच्या मुर्सिया गावचे, म्हणजे आजच्या स्पेनमधले. देव मिसरचा आणि गणवेश रोमचा. यातला जवळपास प्रत्येक जण बाहेरून आलेला, आणि आपण तिकीट काढून म्हणतो, वा, काय शहर आहे! तेच आपण डहाणूला परत आलो की ‘बाहेरचे’ हा शब्द शिवीसारखा ऐकतो आणि मान खाली घालतो. बंदराचे गाव बाहेरून येणाऱ्यांनीच बनते, हे इस्कंदरियात कळते आणि डहाणूत कळत नाही, असे का?

इस्कंदरियाचा दुसरा धडाही याच संदर्भातला. १९५६ च्या सुवेझ युद्धानंतरच्या काही वर्षांत तिथले ग्रीक, इटालियन आणि यहुदी मोठ्या संख्येने निघून गेले. काहींना जावे लागले, काही घाबरून गेले. पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली माणसे एका रात्रीत ‘बाहेरची’ ठरली. मिसरमध्ये तेव्हा बहुसंख्य कोण होते हे आपल्याला माहीत आहे. म्हणून ही गोष्ट सांगताना आपल्याला फक्त पीडिताच्या बाकावर बसता येणार नाही.

इस्कंदरियाचा आणि आपल्या किनाऱ्याचा संबंध मी ओढूनताणून लावत नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात मिसरमधल्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ नावाचे समुद्रमार्गाचे टिपण लिहिले. त्यात आपल्या किनाऱ्याची बंदरे आहेत : सुप्पारा म्हणजे सोपारा, कल्लिएना म्हणजे कल्याण, सेमिल्ला म्हणजे चौल. इस्कंदरियाचा माल नाईल नदीने वर जायचा, मग उंटांवरून वाळवंट ओलांडून तांबड्या समुद्राच्या बंदरांत, आणि जुलैच्या सुमारास वारा धरून गलबते हिंदुस्तानकडे निघायची. त्यातलेच एक बंदर बेरेनिके. तिथल्या उत्खननात हिंदुस्तानची काळी मिरी निघाली, संस्कृत लेख निघाला आणि बुद्धाची मूर्तीही निघाली. तेव्हा इस्कंदरियाच्या संग्रहालयात काचेसमोर उभे राहाल, तेव्हा गाइडला विचारा की हिंदुस्तानशी होणाऱ्या व्यापाराचे इथे काय आहे. हा प्रश्न विचारायला सोपाऱ्याचा माणूस लागतो, आणि नालासोपारा आपल्याच लोकलच्या मार्गावर आहे.

सोपारा झाला इस्लामच्या आधीचा काळ. आता चिंचणीकडे येतो.

१९५० च्या दशकात डहाणू तालुक्यातल्या चिंचणी गावात काही ताम्रपट सापडले. दिनेशचंद्र सरकार या लिपितज्ज्ञांनी ते वाचून ‘एपिग्राफिया इंडिका’त छापले. त्यातला एक शके ८४८ चा, म्हणजे इ. स. ९२६ चा आहे. भाषा संस्कृत, राजा राष्ट्रकूट घराण्यातला तिसरा इंद्र. या ताम्रपटात सांगितले आहे की इंद्राच्या आधीच्या कृष्णराजाने संयान मंडलाचा, म्हणजे आपल्या संजाण परिसराचा, कारभार एका माणसाकडे सोपवला. तो ताजिक होता. अरबस्तान-इराणकडच्या मुसलमानांना त्या काळी संस्कृतात ताजिक म्हणत. त्याचे नाव ताम्रपटात ‘मधुमती’ असे आहे.

मधुमती म्हणजे मुहम्मद. संस्कृत लिहिणाऱ्याच्या कानाने ऐकलेला मुहम्मद. मी रोज वर्गात अरबी-फारसी शब्द मराठीच्या तोंडात बसताना बघतो, पण इतके गोड रूपांतर दुसरे पाहिलेले नाही. त्याच्या बापाचे नाव सहियारहार असे दिले आहे. त्यात मला फारसीतला ‘शहरयार’ ऐकू येतो. लोक त्याला सुगतिप या दुसऱ्या नावानेही ओळखत.

या मुहम्मदाने काय केले? आसपासच्या बंदरांचे प्रमुख ताब्यात आणून तिथे आपले अधिकारी बसवले, हे झाले अंमलदाराचे काम. पण ताम्रपटाने त्याची आणखी दोन कामे मुद्दाम नोंदवली आहेत. नदी ओलांडायला लोकांसाठी फुकट तरी सुरू केल्या. संजाणला अन्नछत्र काढले, तिथे भात, कालवण आणि तूप मिळायचे, पैसे न घेता. आणि मग येते दानाची गोष्ट. अण्णैय नावाच्या माणसाने संजाणला देवी भगवतीची मठिका बांधली होती. तिची डागडुजी, देवीचा नैवेद्य आणि पंचगौड ब्राह्मणांच्या परिषदेतल्या नऊ जणांचे जेवण यासाठी एक गाव आणि काही जमीन दिली गेली. हे दान इंद्रराजाची संमती घेऊन देणारा अधिकारी होता मुहम्मद.

पुन्हा सांगतो. हजार वर्षांहून अधिक काळापूर्वी, हिंदू राजाने नेमलेला मुसलमान अंमलदार देवीच्या मठिकेला जमीन देतो, आणि त्याचा लेख आपल्या चिंचणीत सापडतो. हा पुरावा कोणत्या जमातीच्या पुस्तिकेतला नाही. तांब्यावर कोरलेला सरकारी कागद आहे तो.

कोणी म्हणेल, एका ताम्रपटाने काय होते? मग अरबांचे ऐका. मसऊदी हा इतिहासकार हिजरी ३०४ म्हणजे इ. स. ९१६ च्या सुमारास चौलला होता, त्याच्या भाषेत सैमूरला. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात असे तो लिहितो. काही सिराफ, ओमान, बसरा, बगदादचे, आणि काही इथेच जन्मलेले. इथे जन्मलेल्यांसाठी त्याच्याकडे वेगळा शब्दसुद्धा आहे, बयासिरा. म्हणजे ‘इथला मुसलमान’ ही वस्तू तेव्हाही होती आणि तिला नावही होते. त्याच शतकातला इस्तखरी लिहितो की बल्हरा राजाच्या, म्हणजे राष्ट्रकूटांच्या, मुलुखात मुसलमानांवर मुसलमानच अंमलदार नेमला जातो आणि शहरांत जुम्याच्या मशिदी आहेत. चिंचणीचा ताम्रपट याच्याही पुढे जातो. मधुमतीच्या हाती फक्त मुसलमानांचा कारभार नव्हता, सगळे मंडल होते.

आणि ही एका माणसापुरती गोष्टही नाही. चिंचणीच्याच दुसऱ्या एका ताम्रपटात, इ. स. १०३४ च्या, त्याच मठिकेला तेलाचा घाणा दिल्याची नोंद आहे. तोवर राष्ट्रकूट जाऊन शिलाहार आले होते. त्यात संजाणच्या ज्या मंडळींना उद्देशून लिहिले आहे, त्यांत अल्लीय आणि मधुमत ही नावे आहेत. अली आणि मुहम्मद. शंभर वर्षांनंतरही ते गावात होते आणि गावाच्या कागदात होते.

आता आपल्याच लोकांशी भांडायचे आहे.

हे ऐकल्यावर काही जण छाती फुगवून म्हणतील, ‘बघा, आम्ही अरब!’ थांबा. तो मुहम्मद तुमचा खापरपणजोबा होता याचा काय पुरावा? आपल्यात कोकणी शाफई आहेत, मेमन आहेत, उत्तरेकडून पोटासाठी आलेले आहेत, आणि इथल्याच मातीतले, इथल्याच जातींतून आलेले तर पुष्कळ आहेत. त्यांची संख्या जास्त आहे हे आपल्याला माहीत आहे, फक्त लग्नाच्या बोलणीत ते सांगायचे नसते. खानदान अरबस्तानात नेऊन बांधण्याची ही हौसच आपल्याला परके करते. एकीकडे सांगायचे आमचे मूळ बगदादचे, दुसरीकडे कोणी बाहेरचा म्हटले की रडायचे. दोन्ही एकाच तोंडाने कसे चालेल? मधुमतीचा वारसा मिळायला त्याचे रक्त लागत नाही. तो ज्या किनाऱ्यावर तरी चालवायचा, तिथे राहत असलात की पुरे. म्हणून तो वारसा चिंचणीच्या मांगेल्याचाही आहे आणि तलासरीच्या वारल्याचाही.

इथे एक गोष्ट कबूल करावीच लागते. संजाणचा हा सगळा थाट, राजा, ताजिक अंमलदार, पंचगौड ब्राह्मण, इराणहून आलेले पारशी, यातला बहुतेक जण कुठून ना कुठून आलेला होता. ज्यांना कुठूनही यावे लागले नाही ते वारली, आणि त्यांची नावे या ताम्रपटांत शोधून सापडणार नाहीत. तलासरीच्या झरी गावात १९४५ साली गोदावरी परुळेकरांबरोबर ते उभे राहिले तेव्हा कुठे छापील कागदात आले. तेव्हा मूळचे कोण याची शर्यत लावायचीच असेल, तर आपण आणि आपल्याला बाहेरचे म्हणणारे, दोघेही त्यांच्या मागे रांगेत उभे राहू.

मग प्रश्न उरतो, हे आपल्याला शाळेत का कळले नाही? एक कारण नकाशाचे आहे. संजाण ज्या उंबरगाव तालुक्यात येते तो १९६० पर्यंत आपल्या ठाणे जिल्ह्यात होता. राज्ये वेगळी झाली, तालुका गुजरातेत गेला आणि त्याची काही गावे इकडे राहून त्यांचा तलासरी झाला. गाव तिकडे, ताम्रपट इकडे. सहल काढायची तर परराज्य म्हणून परवानगीचा कागद वाढतो, मग शाळा वॉटरपार्कला जाते. पण सगळे खापर सरकारवर फोडू नका. पारशी समाज संख्येने आपल्यापेक्षा कितीतरी लहान. त्यांनी १९२० साली संजाणला स्मृतिस्तंभ उभारला. आपल्या बोर्डी-घोलवडमागच्या बारडाच्या डोंगरावरच्या बहरोट लेण्यांत त्यांनी पवित्र अग्नी बारा वर्षे लपवून ठेवला होता अशी त्यांची परंपरा आहे, आणि आजही ते तिथे चढून जातात. २००२ पासून संजाणला जे उत्खनन झाले त्यामागेही पारशी संस्थाच होती. त्या उत्खननात इराणी आखातातली निळी-हिरवी झिलईची भांडी निघाली, चिनी भांडी निघाली. म्हणजे आपल्या मधुमतीच्या बाजारातला माल त्यांनी जमिनीतून काढला. आपण काय केले? कव्वालीला वर्गणी काढली, कमानी उभारल्या, आणि मालिका बघून तुर्की टोप्या मागवल्या.

आता घाई का करायची तेही सांगतो. चिंचणीच्या उत्तरेला काही किलोमीटरवर वाढवण. तिथल्या बंदराला जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, ७६,२२० कोटी रुपयांचा प्रकल्प, आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणीही झाली. मच्छीमार वर्षानुवर्षे विरोध करत आहेत, कारण त्यांची मासेमारीची जागाच जाणार आहे. त्या विरोधात मी त्यांच्या बाजूचा आहे. पण बंदर होवो न होवो, रस्ते, रूळ, गोदामे यांच्यासाठी या पट्ट्यातली जमीन उकरली जाणार. नांगर चालवताना ताम्रपट दिसू शकतो. जेसीबीला दिसत नाही. पूर्वीच्या बंदराची नोंद करायच्या आत नवे बंदर उभे राहिले, तर मधुमतीचे संजाण दुसऱ्यांदा पुरले जाईल.

म्हणून माझा बेत असा आहे. इस्कंदरियाला दोन दिवस देणार असाल तर तेवढेच दोन दिवस आधी इथे द्या. पहिल्या दिवशी सकाळी चिंचणी. सांगून ठेवतो, तिथे बघायला संग्रहालय नाही, पाटीही नाही. किनाऱ्यावर मुलांना बसवा आणि ताम्रपटाची गोष्ट सांगा, अन्नछत्राच्या तुपापासून सुरू करा, मुले ऐकतील. मग खाडीपलीकडे तारापूरचा पोर्तुगीज काळातला किल्ला. दुपारच्या गाडीने संजाण, पारशांचा स्तंभ, आणि खाडीकडे तोंड करून पाच मिनिटे गप्प उभे राहणे. दुसऱ्या दिवशी डहाणू लोकलने नालासोपारा. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप खणला, आणि अशोकाच्या लेखाचा तुकडाही त्याच साली सोपाऱ्यात मिळाला. तो लेख बघायचा तर मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. इस्कंदरियाच्या सहलीत विमानतळावर चहाला जेवढे जातील, तेवढ्यात चौघांचे हे दोन दिवस होतात.

आणि सोबत एकटे जाऊ नका. शाळेतली वारली मुले, शेजारचे मांगेले, ओळखीचे पारशी बावाजी, जो येईल त्याला घ्या. हा ताम्रपट फक्त मुसलमानांनी बघायचा ठरवला, तर त्यातली देवीची मठिका कोण समजावून सांगणार?

जमातींच्या पदाधिकाऱ्यांना एकच मागणी. पुढच्या जलशाच्या मंडपाचा खर्च एक वर्ष कमी करा. त्या पैशात चिंचणीच्या ताम्रपटाचा मराठी, उर्दू आणि गुजराती अनुवाद छापा आणि ग्रामपंचायतीला विचारून चिंचणीत एक दगड उभा करा. त्यावर तीन भाषांत एवढेच लिहा की संजाणच्या मुहम्मदाने इथल्या नद्यांवर लोकांना फुकट पलीकडे नेले आणि भुकेल्यांना जेवू घातले. ‘तुम्ही कुठले’ असे कोणी विचारले, तर आपल्या पोरांना बोट दाखवायला एक जागा होईल.

मग खुशाल इस्कंदरियाला जा. कायतबेच्या किल्ल्यावर उभे राहून समुद्राकडे बघा, बूसिरींच्या मशिदीत दोन रकात पढा आणि माझ्यासाठीही दुआ करा. तिथल्या कोणी विचारले की कुठून आलात, तर नुसते ‘इंडिया’ म्हणू नका, मुंबईही म्हणू नका. संजाणजवळून आलो म्हणा. हजार वर्षांपूर्वी त्यांच्या भूगोलकारांच्या पुस्तकांत हे गाव सिंदान नावाने होते. निदान आपल्याला तरी ते माहीत असू दे.